सरकारचं बियाणं

माझ्या खोलीत पुस्तकांचं एक उंच कपाट आहे. वरच्या कप्प्यांत कोश, इतिहासाचे ग्रंथ आणि थोडे कवितासंग्रह आहेत. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जिथे पूर्वी जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे असत, तिथे तोंड शिवलेली धानाची एक गोणी आहे. खोलीत कोणी नवीन आलं की त्याची नजर आधी तिच्यावर जाते.

"उंदीर लागतील, सर."

"कडुलिंबाचा पाला घातलाय."

"विकत घेतलं का?"

"नाही. सरकारचं आहे."

यावर बहुतेक लोक विषय बदलतात. पण ते खरंच सरकारचं आहे. ते सरकारचं कसं झालं हे सांगायचं तर बाईंबद्दल सांगावं लागेल. बाईंबद्दल लिहायला मी बरेच दिवस बसतो आणि उठतो आहे.

त्या भागात मोठ्या वयाच्या स्त्रीला बाई म्हणतात. गाव त्यांना नुसतं बाई म्हणत असे, मीही म्हणू लागलो. त्या माझ्या घरमालकीण. त्यांचं घर मूल या तालुक्याच्या गावापासून थोडं आत, जिथे गाव संपतं आणि बांध्या सुरू होतात तिथे होतं. मातीचा बांध घालून पाणी अडवलेला भातशेतीचा तुकडा म्हणजे बांधी. तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून आलो तेव्हा शहरातल्या खोल्यांत माझी पुस्तकं मावेनात, म्हणून कोणीतरी बाईंचा पत्ता दिला. टेम्पोतून खोकी उतरताना त्या कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

"एवढं काय हाय जी?"

"पुस्तकं."

"वाचून झाले?"

"बरीचशी झाली."

"मंग काऊन ठेवले?"

मी पुढचं खोकं उचललं. त्या म्हणाल्या, "बरं, रहा. धान संपलं तरी मी कुठी ढोली फेकून देतो." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची, शेणानं लिंपलेली मोठी कणगी. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पुस्तकवाले' झालो. रागावल्या तर 'ओ पुस्तकवाले', खूश असल्या तर 'सर'. खूश कमी वेळा असत.

पहिल्या आठवड्यात मी घाबरलो होतो. संध्याकाळी चिखलानं माखून त्या अंगणात आल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "आज सासूले चांगलं तुडवलं वो. दिवसभर तिच्या अंगावर उभी होती." मी खिडकी लावून घेतली. नंतर कळलं की त्यांनी सगळ्या बांध्यांना नावं दिली होती. सासूची बांधी उंचावर होती. तिला पाणी पोचवायला जीव जाई, आणि पोचलं की बांध फोडून निघून जाई. जावयाची बांधी तळ्याला लागून होती. सगळ्यात जास्त पाणी पिऊन ती सगळ्यात कमी पिकायची. कोर्टाची बांधी जेमतेम अंगणाएवढी. तिच्यासाठी बाई दिराशी पंधरा-वीस वर्षं खटला लढल्या होत्या आणि जिंकल्यावर त्याच दिराला तिथला पहिला भात रांधून वाढला होता.

सरकारी कचेरीत जाताना त्या घरून लाकडी पाट नेत. काखेत पाट, हातात पिशवी. कारकुनानं खुर्ची पुढं केली तरी त्या जमिनीवर आपला पाट टाकून बसत. मी एकदा कारण विचारलं. "त्या खुर्चीवर बसलं का उठावं नाई वाटत," त्या म्हणाल्या. "पाहून राह्यले न तुमी, कोनीच उठत नाई."

फोनवर आलेला संदेश त्या स्वतः कधी उघडत नसत. उघडला की तो शिळा होतो असं त्यांचं मत होतं. रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन त्या माझ्या दारात येत. सरकारकडून किंवा बँकेकडून आलेला संदेश मला दोनदा वाचावा लागे.

"पयले सरकारच्या आवाजात वाचा. मंग तुमच्या."

पहिल्यांदा मी दोन्ही वेळा एकाच आवाजात वाचला. त्यांना ते पटलं नाही. "सरकार असं मऊ बोलते का?" मग मी घसा खाकरून, छाती जरा पुढं काढून, जड आवाजात वाचू लागलो. महाविद्यालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनी तो आवाज ऐकला असता तर त्यांना हसू आवरलं नसतं. बाई मात्र पदर सारखा करून, मान खाली घालून ऐकत. मग मी माझ्या आवाजात अर्थ सांगे आणि त्या माझ्याशी वाद घालत. सरकारच्या आवाजाशी त्यांनी कधी वाद घातला नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा महाविद्यालय बंद झालं, मूलमधली माझी खाणावळही बंद झाली. मी बाईंकडे जेवू लागलो. त्यांचा मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात होता आणि त्याला येता येत नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

त्याच दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला गेलेली माणसं जंगलातून पायी परत येऊ लागली. दरवर्षी गावातली निम्मी घरं मिरचीला जातात. त्या वर्षी जाताना गाडीनं गेली आणि येताना चालत आली. त्यांना गावात न घेता शाळेत ठेवलं. बाईंची शेजारीण सुमन त्यांत होती. ही सुमनच दरवर्षी रोवणीच्या, म्हणजे भाताची लावणी करणाऱ्या, बायकांची टोळी बाईंच्या बांध्यांत घेऊन येई. शाळेतल्या लोकांसाठी धान्य येणार होतं, आलंही, पण ते येईपर्यंत बाईंनी वाट पाहिली नाही. घरातला तांदूळ त्यांनी आधी दिला. तो संपला तेव्हा त्या ढोलीपाशी गेल्या आणि बियाण्याचं धान काढलं.

बियाण्याचं धान भरडायला गिरणीवाला तयार नव्हता. त्याला ते पाप वाटत होतं. बाई गिरणीसमोर पाट टाकून बसल्या. तासाभरात गिरणी सुरू झाली.

शाळेच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून त्या ओरडत, "खाऊन राह्यले का नाई रे पोटभर? का मायी फजिती करता?"

आतून सुमन ओरडे, "बाई, भातात गोटे हायेत!"

"मंग निवडून खा न वो! तुले तिथी दुसरं काय काम हाय?"

मंडळी घरी गेली, शाळा रिकामी झाली, आणि बाई गप्प झाल्या. ढोलीच्या तोंडाशी हात घालून बघत, हात बाहेर काढून बघत. आपलं बियाणं त्या दुसऱ्याला देत, पण मागत कधी नसत. आणि मागणार तरी कोणाकडे? त्या वर्षी सगळ्यांच्याच ढोल्यांचा तळ दिसत होता. दुकानचं बियाणं घ्यायला हातात काही नव्हतं. मी माझ्या पगारातून घ्या म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

एका सकाळी त्या रुमालातला फोन घेऊन आल्या. मी घसा खाकरला. संदेशात होतं की शेतकऱ्यांसाठीची रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली आहे. सरकारच्या आवाजात वाचून झालं, मग माझ्या आवाजात सांगितलं, "बाई, पैसे आले."

"कायसाठी?"

"साथीमुळे. शेतकऱ्यांना मदत म्हणून."

"पेरन्याच्या पयले धाडले?"

"हो."

"सरकारले कसं मालूम, मायी ढोली रिकामी हाय म्हनून?"

"सगळ्यांनाच पाठवले आहेत, बाई."

"सगळ्यायच्याच ढोल्या रिकाम्या असन." त्यांनी फोन रुमालात गुंडाळला. "म्हंजे बी धाडलं म्हना."

मी हो म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं की बियाणं येणार आणि बाई पुन्हा बोलू लागणार. तसंच झालं. बियाणं आलं, पऱ्हे टाकले, म्हणजे रोपं तयार केली. पाऊस आला, सुमनची टोळी तोंडाला फडकी बांधून बांध्यांत उतरली. बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून सासूला आणि जावयाला शिव्या देऊ लागल्या. धान चांगलं झालं. इतकं की जावयाची बांधीसुद्धा पिकली. "साथीनं घाबरला वाटते," बाई म्हणाल्या.

कापणी झाली, मळणी झाली, अंगणात नव्या धानाची रास पडली. तो वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको. मी दोन-तीन दिवस वाट पाहिली. पानात मात्र रेशनचाच जाड तांदूळ येत होता.

"बाई, नवं कधी?"

"सरकारले बी वापस केल्यावर."

तेव्हा मला ती रीत कळली. एखाद्या घरचं बियाणं गेलं की ते घर दुसऱ्याकडून उसनं आणतं. धान निघालं की पहिल्यांदा ते परत करायचं, आणलं त्याहून चढतं करायचं. ज्यानं बी दिलं होतं तो ते सुपात घेतो आणि त्यातली एक मूठ बी परत करणाऱ्याच्या पदरात टाकतो, म्हणजे त्या घरी पुन्हा बी संपू नये. ती मूठ मिळाली की मग चूल पेटवून नवं रांधायचं. त्याआधी नव्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. ही रीत किती गावांत आहे मला माहीत नाही. मी पुस्तकांत शोधली, सापडली नाही. बाईंच्या घरी होती.

"पण बाई, तो रेशनचा तांदूळही सरकारच देतंय. तो तर आपण रोज खातो."

"ते खायाले देल्लं. खायाले देल्लं कोनी वापस मागते का? मी शाळेतल्या लोकायले मांगतलं? पेराले देल्लं ते अलग."

मी तो जाड भात कालवून खाल्ला.

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्या वर्षी बाईंना धाप लागू लागली होती. पाट काखेत घेऊन फाटकापर्यंत गेल्या तरी त्या थांबत. टाळेबंदी सैल झाल्यावर मुलगा येऊन त्यांना चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर जे मुलाला बाजूला घेऊन म्हणाले ते बाईंनी ऐकलं. परत आल्यावर त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात फोन नव्हता.

"पुस्तकवाले, औंदाचं नवं मायं शेवटचं हाय म्हनते डाक्टर. पन खाऊ कसं? सरकारचं बाकी हाय."

"बाई, खा तुम्ही. सरकार काही म्हणणार नाही."

"सरकार नाई म्हनन. मी म्हनन न. अशीच गेली तं सरकारच्या बांधीत तन होऊन उगवन मी, पाहून घ्या."

मग आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. माझ्या स्कूटरच्या पायाशी धानाची गोणी आणि मागे पाट धरून बाई. पाट जमिनीवर पडला, गोणी शेजारी उभी राहिली. कारकून सभ्य होता. त्याच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"थुका आधी," बाई म्हणाल्या, "मंग बोला."

तो उठून थुंकून आला. बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"बाई, ते वापस नाई करा लागत. मदत हाय ते."

"वापस नाई करा लागत त्याले आमच्या गावात मदत नाई म्हनत."

"मंग काय म्हनते?"

"नवऱ्याची कमाई."

शेजारच्या टेबलावरची मुलगी फाईलमागे तोंड लपवून हसू लागली. कारकूनही हसला. पण गोणी घ्यायला तो तयार नव्हता. पैसे परत करायचे तर त्याची वेगळी पद्धत आहे, म्हणाला, आणि तेही ज्यांना चुकून मिळाले त्यांच्यासाठी. "तुमाले चुकून नाई भेटले. हक्काचे हायेत."

"तुमी सरकार हा का?"

"मी? नाई जी. मी तं बदलीवर आलो, उद्या जाईन."

"मंग इथी सरकार कोन हाय? त्याले बलावा."

त्यानं साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. साहेब बैठकीला गेले होते. बाईंनी दारातल्या शिपायाला विचारलं. "मी कंत्राटी हो, बाई," तो म्हणाला. फाईलमागच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माझी तर खात्याची परीक्षाच झाली नाही अजून." बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. "एवढी मोठी कचेरी, अन् सरकार घरी नाई," त्या म्हणाल्या आणि पाट उचलला.

जाताना कारकुनानं सहज सुचवलं की सरकार धान घेतं ते खरेदी केंद्रावर. बाईंच्या डोळ्यांत चमक आली. मला त्याच वेळी शंका आली होती, पण त्यांच्या धापेकडे पाहून मी गप्प बसलो.

खरेदी केंद्रावर त्यांनी एक नाही, दोन गोण्या नेल्या. चढतं परत करायचं असतं म्हणून. मापाऱ्याला त्या म्हणाल्या, "सरकारले वापस हाय." तो "बरं" म्हणाला आणि काट्यावर गोणी चढवली. मग त्यानं सातबारा आणि पासबुक मागितलं. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाच्या शेतातलं परत आलं ते सरकारनं लिहून घेतलंच पाहिजे. मूठ मात्र मिळाली नाही. मापारी म्हणाला, "मी संस्थेचा मानूस, बाई, मूठ देनं आमच्याकडे नाई." त्यामुळे नवं रांधलं गेलं नाही. बाई म्हणाल्या, सरकार मोठं आहे, मूठ पोस्टानं पाठवील.

थोड्या दिवसांनी त्या फोन घेऊन आल्या. मी उघडला आणि आधी मनातल्या मनात वाचला. सरकारच्या आवाजात वाचावं लागलं. धानाचे पैसे खात्यात जमा झाले होते.

"कायचे पैसे?"

"तुम्ही दिलेल्या धानाचे."

"मी इकलं?"

"त्यांनी विकत घेतलं, बाई."

त्या मटकन खाली बसल्या, पाट नसताना. मी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही. पुढं धानावरच्या बोनसची रक्कम आली, मग शेतकरी मदतीचा पुढचा हप्ता आला. प्रत्येक वेळी मी घसा खाकरला आणि प्रत्येक वेळी बाईंचा चेहरा काळवंडत गेला. उभ्या गावात सरकारचे पैसे आले म्हणून रडणारी ती एकच बाई असावी.

"मी एक वापस करून राह्यली तं हे चार धाडून राह्यले! असं कोनी करते का? घेतच नाई तं देते कायले?"

सुमन समजावत होती. "बाई, सगळ्यायलेच आले. मले नाई आले, मायी जमीन नाई म्हनून. ज्यायले आले ते खुशीनं खाऊन राह्यले. तुमी काऊन उपाशी मरता?"

"उपाशी कुठी हाय मी? रेशनचा खातो न."

"अन् तिकडे राशीले उंदीर खाऊन राह्यले!"

"उंदरायनं नाई घेतलं सरकारपासून बी."

मुलगा फोनवर रागावला, मग रडला. बाईंचा आवाज तोवर बारीक झाला होता. सकाळी अंगणातून माझ्या दारापर्यंत येताना त्या दोनदा थांबत. रास तशीच पडून होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो की आता हे होणार नाही. या नव्याच्या वासात बसून, रेशनचा तांदूळ खाऊनच या जाणार.

एके दिवशी दुपारी मी ओसरीवर पुस्तकाला कव्हर घालत बसलो होतो. माझा पगार जमा झाल्याचा संदेश आला. मी तो पाहून फोन बाजूला ठेवला. बाई खांबाला टेकून बसल्या होत्या.

"कोनाचा होता?"

"पगार आला, बाई."

"कालेज तं बंद हाय. पगार कोन देते?"

"अनुदानित आहे. शासन देतं."

"तुमाले शासन पगार देते?"

"हो."

"घरी बसून बी?"

"हो," मी म्हणालो. मला जरा संकोच वाटला.

बाई खांबापासून सरळ झाल्या. माझ्याकडे त्यांनी नवीन भाडेकरूकडे पाहावं तसं पाहिलं.

"अन् सरकारचा आवाज कोन काढते? इतक्या वर्साचा, मायासमोर?"

"बाई, ते मी…"

"सुमन! ओ सुमन!" त्यांच्या आवाजात किती दिवसांनी जोर आला होता. "इकडे ये वो! सूप आन! सरकार घरातच हाय! भाडं देऊन राह्यते!"

मी खूप समजावलं. मी ग्रंथपाल आहे, मला असा काही अधिकार नाही, महाविद्यालय संस्थेचं आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या कचेरीत बी सगळे असंच म्हनत होते. तुमी तरी नका म्हनू."

त्यांनी मला स्वतःच्या पाटावर बसवलं. तो पाट त्यांनी त्याआधी कोणाला दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. सुमननं माझ्या मांडीवर सूप ठेवलं. बाईंनी राशीतून धान भरून घेतलं आणि धापा टाकत, थांबत, माझ्या सुपात ओतलं. सुपावर शीग चढली, धान माझ्या मांडीवर, पाटावर सांडलं. "सांडू द्या. चढतं हाय," त्या म्हणाल्या. सुमननं सूप गोणीत रिकामं केलं, पुन्हा समोर धरलं. गोणी भरेपर्यंत बाई थांबल्या नाहीत. मग त्यांनी पदर पसरला.

"आता मूठ द्या. अन् म्हना, तुमच्या घरचं बी सरू नये."

मी मूठ भरली आणि म्हणालो.

"तसं नाई जी. सरकारच्या आवाजात."

मी घसा खाकरला, छाती पुढं काढली. "तुमच्या घरचं बी," मी जड आवाजात सुरुवात केली, आणि तो आवाज मध्येच फुटला. मूठ त्यांच्या पदरात कशीबशी टाकली. मला मान वर करता येईना.

"सरकारले सर्दी झाली," बाई सुमनला म्हणाल्या, आणि उठून चुलीकडे गेल्या.

त्या दिवशी नवं रांधलं. सोबत नुसती वांग्याची भाजी होती. बाई पानावर बसल्या, पहिला घास हातात धरून त्यांनी त्याचा वास घेतला आणि हळूहळू खाल्ला. मग पुन्हा भात घेतला. मग पुन्हा. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "सासूच्या बांधीचा हाय हा. करपट लागते थोडा." आणि त्यांनी इतका मोठा ढेकर दिला की सुमन हसू लागली.

निघताना मी विचारलं, "बाई, या धानाचं मी काय करू?"

"सरकार काय करते? ठेवते. कोनाले लागलं का देते. तुमाले शिकवा लागते का?"

बाई उन्हाळ्यात गेल्या. साथीनं नव्हे, हृदयानं. झोपेत नव्हे, जागेपणी, अंगणात, सुमनशी जावयाच्या बांधीत या वर्षी काय करायचं यावर भांडत असताना. मुलगा आला, सगळं रीतसर झालं. लोक मला विचारत, शेवटी फार त्रास झाला का? मी सांगत असे, नवं खाऊन गेल्या. हे उत्तर लोकांना अर्धवट वाटे. मला ते पुरेसं होतं. माझ्या दुःखाखाली एक सुटल्यासारखी जागा होती आणि तिथे मी बसू शकत होतो. अजूनही बसतो.

मुलानं शेती सुमनला कसायला दिली आणि घर माझ्याकडे ठेवलं. मृगाच्या आधी एक दिवस सुमन माझ्या दारात आली. तिनं पदर डोक्यावर घेतला होता. एरवी ती माझ्यासमोर कधी घेत नसे.

"सर, तुमच्यापाशी बी हाय म्हनते. सरकारचं."

मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून गोणी ओढून काढली. तिच्या नावावर जमीन नव्हती, तिला कधी कुठला संदेश आला नव्हता. गोणी डोक्यावर घेऊन ती बांध्यांकडे गेली आणि मी बघत राहिलो.

हिवाळ्यात ती परत आली. गोणी आधीपेक्षा जड होती. मी पाटावर बसलो, तिनं माझ्या सुपात धान ओतलं, ते मांडीवर सांडलं. मग तिनं पदर पसरला. मी मूठ भरली आणि तिच्या पदरात टाकायला हात पुढं केला.

तिनं पदर मागे घेतला.

"असं मुकाट्यानं नाई जी, सर," ती म्हणाली. "बाई पाहून राह्यली असन."

मी हात तसाच धरून ताठ बसलो, छाती जरा पुढं काढली आणि घसा खाकरला.